फोनमधले फोटो उडवण्याआधी: गूगल फोटोजवर बॅकअप आणि मोकळी जागा

‘स्टोरेज फुल’चा मेसेज नेमका अंतरपाट दूर होताना येतो. मग माणूस ‘बॅकअप आहे ना!’ म्हणत दिसेल तो फोटो उडवत सुटतो. घोळ इथेच होतो. अँड्रॉइडवर गूगल फोटोजचा बॅकअप चालू असताना त्याच ॲपमध्ये कचरापेटीचं चिन्ह दाबलं, की फोटो फोनमधून जातो आणि क्लाउडवरूनही, म्हणजे गूगलच्या इंटरनेटवरच्या साठ्यातूनही जातो. फक्त फोन रिकामा करायचा तर बटण वेगळं आहे. पण त्याच्याकडे वळण्याआधी थोडी तपासणी करा.

१. खातं कोणाचं आहे ते बघा

ॲपमध्ये वर उजवीकडे प्रोफाइलच्या गोल चित्रावर टॅप करा आणि तिथला ईमेल पत्ता वाचा. घरातल्या ज्येष्ठांचा फोन बहुतेक वेळा मुलगा किंवा भाचा सुरू करून देतो आणि घाईत स्वतःचंच खातं घालून ठेवतो. आईचे फोटो मुलाच्या खात्यात जमा होत राहतात आणि दोघांनाही पत्ता नसतो. तसं असेल तर खातं आधी बदला, बाकीचं मग.

२. बॅकअप चालू करा

त्याच गोल चित्रावरून फोटोज सेटिंग्ज, मग बॅकअप. क्वालिटीचे दोन मुख्य पर्याय दिसतील. ‘ओरिजनल’मध्ये फोटो आहे तसा चढतो. ‘स्टोरेज सेव्हर’मध्ये १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो लहान केला जातो आणि मोठे व्हिडिओ १०८०पी वर आणले जातात. घरगुती फोटोंना माझ्या मते स्टोरेज सेव्हर पुष्कळ झाला. फोटोग्राफीचा नाद असेल किंवा मोठे प्रिंट काढायचे असतील तरच ओरिजनल घ्या.

फुकट मिळणारी जागा १५ जीबी, आणि त्यात जीमेल व ड्राइव्हही वाटेकरी आहेत. १ जून २०२१ पूर्वी ‘हाय क्वालिटी’त (स्टोरेज सेव्हरचं जुनं नाव) चढवलेले फोटो या हिशेबात धरले जात नाहीत, त्यानंतरचे साधारण सगळेच धरले जातात. बॅकअपसाठी मोबाइल डेटा बंद ठेवा. रात्री वायफायवर, चार्जिंगला लावून काम होऊ द्या.

३. व्हॉट्सॲपचं काय?

ॲप आपणहून मुख्यतः कॅमेऱ्याचे फोटो चढवतं. व्हॉट्सॲप, स्क्रीनशॉट वगैरे फोल्डर ‘बॅकअप डिव्हाइस फोल्डर्स’मध्ये जाऊन वेगळे चालू करावे लागतात. व्हॉट्सॲपचं फोल्डर सरसकट चालू करू नका, नाहीतर १५ जीबी ‘शुभ सकाळ’च्या गुलाबांनी भरतील. बारशाचे, साखरपुड्याचे कोणी पाठवलेले फोटो तेवढे एकेक उघडून ‘बॅक अप नाऊ’ करा.

४. खरंच चढलं का, ते दुसरीकडून पाहा

ही पायरी लोक हमखास गाळतात. फोटो उघडून वर सरकवला की खाली तपशिलात ‘बॅक्ड अप’ लिहिलेलं दिसतं. तरी मी म्हणेन, कॉम्प्युटरवर फोटोज डॉट गूगल डॉट कॉम उघडा आणि त्याच खात्याने लॉगिन करा. सर्वांत जुना फोटो, कालचा फोटो आणि एखादा लांबलचक व्हिडिओ शोधून चालवून बघा. रेंगाळतात ते व्हिडिओच.

५. आता जागा मोकळी करा

गोल चित्रावर टॅप करून ‘फ्री अप स्पेस’ निवडा. किती जागा सुटेल ते ॲप सांगतं. बॅकअप झालेल्या प्रतीच फोनमधून निघतात, बाकीच्यांना हात लागत नाही. एकदोनच फोटो फोनमधून उडवायचे असतील तर फोटो उघडून तीन टिंबांच्या मेनूतून ‘डिलीट फ्रॉम डिव्हाइस’ करा.

यानंतर फोनची मूळ गॅलरी ओस पडलेली दिसेल. घाबरू नका, फोटो गूगल फोटोजमध्ये आहेत; पण नीट उघडायला इंटरनेट लागेल. गावी रेंज नसेल तर मोठा फोटो धूसरच राहतो. आधार कार्ड, रेशन कार्ड, सातबारा यांचे फोटो म्हणून फोनमध्येच राहू द्या.

चुकून उडालेला फोटो ‘ट्रॅश’मध्ये सापडतो. बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस, नसेल तर ३० दिवस.

उलटं करायचं असेल तर

फोटो फोनमध्येच हवेत, क्लाउडवर नकोत? नुसता बॅकअप बंद करून चढलेले फोटो जात नाहीत. बॅकअप सेटिंग्जमध्ये ‘अनडू बॅकअप फॉर धिस डिव्हाइस’ आहे, ते वापरा.

आयफोनवाल्यांनी जपून

आयक्लाउड फोटोज (ॲपलचा स्वतःचा क्लाउड) चालू असेल तर आयफोनवरून उडवलेला फोटो त्याच खात्याच्या आयपॅडवरून, मॅकवरूनही जातो. ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवस मिळतात. तिथे जागेसाठी ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ (मूळ फोटो आयक्लाउडवर, फोनमध्ये लहान प्रत) चालू करणं बरं. आयफोनवर गूगल फोटोजचं ‘फ्री अप स्पेस’ दाबलंत तर आयक्लाउडवरची प्रतही जाईल, हे ध्यानात असू द्या.

आणखी एक प्रत

दोन वर्षं वापरलंच नाही तर गूगल खातं मजकुरासकट काढून टाकू शकतं. घरातल्या गेलेल्या माणसाच्या खात्यात फोटो असतील तर ते आधी उतरवून घ्या. टेकआउट डॉट गूगल डॉट कॉम या गूगलच्याच डाउनलोडच्या पानावर फक्त ‘गूगल फोटोज’वर खूण करून मागणी टाका. फोटो खूप असतील तर फायली तयार व्हायला वेळ लागतो. मग ईमेलने लिंक येते आणि ती साधारण आठवडाभरच चालते. झिप फायली हार्ड डिस्कवर उतरवा, उघडून बघा, आणि मगच क्लाउडवरचं काही काढायला घ्या.