हापूसच्या हिशोबात फॉन्ट का बिघडतो: ओपनपायएक्सएलचे डीफॉल्ट सांभाळताना

रत्नागिरी-देवगडकडे हापूसच्या पेट्यांचा हिशोब पायथनमधून एक्सेल फाइलमध्ये काढणाऱ्यांना हे हमखास भेटतं: ‘बागायतदार, पेट्या, डझन, दर’ ही शीर्षकाची ओळ बोल्ड केली, की तिचा फॉन्ट आणि आकार खालच्या ओळींपेक्षा वेगळाच दिसू लागतो.

कारण पायथनमधून एक्सेल फाइल लिहिणाऱ्या ओपनपायएक्सएल या लायब्ररीत दोन जागी दोन तऱ्हेचे डीफॉल्ट आहेत. नव्या वर्कबुकमधल्या सेलला कॅलिब्री 11 मिळतो. पण कोडमध्ये फॉन्टचा ऑब्जेक्ट नुसतं ‘बोल्ड’ एवढंच सांगून बनवलात, तर नाव आणि आकार रिकामे राहतात. कॅलिब्री आपोआप येत नाही. त्या रिकाम्या जागी काय दाखवायचं ते एक्सेल किंवा लिब्रेऑफिस आपापल्या परीनं ठरवतं.

म्हणून सेलचा मूळ फॉन्ट पायथनच्या ‘कॉपी’ फंक्शननं उचला, त्या प्रतीत बोल्ड चालू करा आणि प्रत सेलला परत द्या. थेट सेलच्या फॉन्टवर बोल्ड लावायला गेलात तर एरर येते, कारण सेलला लागलेली स्टाइल जागच्या जागी बदलता येत नाही.

बऱ्याच सेलना तीच सजावट हवी असेल तर नेम्ड स्टाइल, म्हणजे नाव देऊन ठेवलेली सजावट, बरी. तिथेही फॉन्टचं नाव आणि आकार दोन्ही लिहाच.

कॉलमला दिलेल्या फॉन्टवर मात्र मुळीच भिस्त ठेवू नका. कोडनं भरलेल्या सेलना तो लागत नाही, पुढे एक्सेलमध्ये नवे सेल भरले तरच दिसतो. दराचा कॉलम लूप लावून एकेक सेल घेऊनच सजवा.