डिझायनरशी संसार कसा करावा

लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या आणि मिठाईचे खोके करणाऱ्या माणसाशी माझं लग्न होऊन नऊ वर्षं झाली. आम्ही बेळगावच्या शहापुरात राहतो, यांचं काम घराच्या माडीवरच चालतं. आता माझ्या मावसबहिणीचं लग्न एका डिझायनरशी ठरलंय आणि ती रोज फोन करून काहीबाही विचारायलीय. तिला सांगितलं तेच इथं लिहिते.

बाजाराला जाताना वेळ दुप्पट धरा. खडेबाजारात ब्लाउजपीस घ्यायला निघालं तरी हे कुठल्यातरी पाटीखाली थांबणारच.

"अहो, चला की, उशीर व्हायलाय."

"थांब गे, हा 'ल' बघ की."

ओढून नेऊ नका, बघा. मी शाळेत मराठी शिकवते, तरी मला हे यांनीच दाखवलं. मराठी 'ल'ला दोन्ही बाजूंना गोल वाट्या असतात, हिंदी वळणाच्या 'ल'ला उजवीकडे सरळ दांडा. पुष्कळ तयार फॉन्टमध्ये हिंदी वळणच येतं. आणि बेळगावात पत्ता म्हटला की गणपत गल्ली, मारुती गल्ली, काहीतरी गल्ली आलीच. एका पत्रिकेत चार ठिकाणी चुकीचा 'ल' दिसला म्हणून हे ताटावरून उठून माडीवर गेलेत. अशा वेळी आमटी झाकून ठेवायची, बोलायचं नाही.

काम दाखवलं की नुसतं "छान आहे" म्हणू नका. त्यांना ते मनाला लागतं, कारण त्यातून पुढं काय करायचं ते कळत नाही. चार पावलं मागं जा, डोळे किलकिले करा आणि नजर आधी कुठं गेली ते सांगा. वधूवरांच्या नावाआधी कोपऱ्यातल्या वेलबुट्टीवर गेली तर तसंच सांगा. रंग बदला, अक्षर मोठं करा हे सुचवायची घाई नको. दिसलं ते तुम्ही सांगायचं, उपाय ते शोधतात.

आपल्या भागात सगळ्यात जीव खाणारं काम म्हणजे पाटी. २०२४ पासून कर्नाटकात फलकावर ६० टक्के कन्नड, तेही वरच्या भागात, असा कायदा आहे. उरलेल्या जागेत मराठी आणि इंग्रजी बसवायची. एका कापड दुकानाच्या पाटीवर वर कन्नडमध्ये 'वस्त्र' होतं, खाली मराठीत 'पैठणी'. कन्नडमध्ये 'स'ला जोडलेले 'त' आणि 'र' ओळीखाली लोंबतात, आणि 'पै'च्या दोन मात्रा शिरोरेघेवर उभ्या. दोन्ही एकमेकांत घुसायले होते. ओळींतलं अंतर वाढवलं की अक्षरं लहान होतात, अक्षरं लहान केली की मालक रागावतो. रात्री साडेअकरापर्यंत हे तेवढ्या जागेशी झटत होते. मी चहा केला आणि शेजारी बसून वह्या तपासल्या. अशा कामात सोबतच लागते. कन्नड मजकूर मात्र कन्नड मातृभाषा असलेल्या माणसाकडून तपासून घ्या. मी आमच्या शाळेतल्या कन्नडच्या बाईंना दाखवते.

घरात कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावी मिठाईचा, रिकामा खोका विचारल्याशिवाय टाकू नका. घडी कशी घातलीय ते बघायला तो उलगडून ठेवलेला असतो. जुन्या पत्रिकांच्या ट्रंकेलाही हात लावू नका.

पैशाचं बोलणं तुम्ही करा. "एवढंसं तर कार्ड आहे, करून दे की," असं म्हणणारे पाहुणे प्रत्येक घरात असतात आणि यांना नाही म्हणता येत नाही. एका जवळच्या घरच्या पत्रिकेचे आठ नमुने करून दिले, शेवटी छापली दुसऱ्याचीच. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून दर मी सांगते, आणि नमुने दोनच.

गणपतीच्या आधी महिनाभर माहेरी जायचा बेत आखू नका. पावतीपुस्तकं, फ्लेक्स, कमानी, सगळं एकदम येतं.

छापून आलेला पहिला कागद घरात आला की तो ट्यूबलाइटखाली बघायचा नाही. पडद्यावरचा रंग उजेडाचा, कागदावरचा शाईचा. भडक निळा आणि जांभळा छापल्यावर हमखास मंदावतो. म्हणून कागद दारात, दिवसाच्या उजेडात धरायचा. दोन्ही हातांनी, कडांना धरून, अंगठे छपाईवर न ठेवता. कुकरची तिसरी शिट्टी झाली तरी ते "हं" म्हणेपर्यंत खाली घेऊ नका.