औलूत नवीन आलात? आधी नदी आणि समुद्र समजून घ्या

फिनलंडमधल्या औलू शहरात आल्यावर करायच्या नोंदणी, बँक खातं, केलाचं (इथल्या सामाजिक विमा संस्थेचं) कार्ड या कामांची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल, त्यामुळे त्यात मी शिरत नाही. इतकी वर्षं इथे काढल्यावर मला एक गोष्ट पक्की पटली आहे: औलूची नदी आणि समुद्र कळले की घर कुठे बघायचं, सायकल कुठून न्यायची, हिवाळ्यात कुठे पाऊल टाकायचं नाही, ही कोडी पटापट सुटतात. म्हणून सुरुवात नकाशापासून.

औलूयोकी नदी औलूयार्वी तलावातून निघते आणि शंभरेक किलोमीटर वाहत येऊन बोथनियाच्या आखाताच्या उत्तर भागात समुद्राला मिळते. त्या मुखावर आपलं शहर. दक्षिण तीरावर बाजार चौक, कॅथेड्रल आणि रेल्वे स्टेशन, उत्तर तीरावर तुइरा ही वस्ती. मध्ये बेटं आणि त्यांना जोडणारे पूल. तुइराच्याही पुढे, केंद्रापासून पाच-सहा किलोमीटरवर लिन्नानमा. विद्यापीठ आणि बऱ्याच तंत्रज्ञान कंपन्या तिकडे. मोठं हॉस्पिटल मात्र नदीच्या दक्षिणेला, कोन्तिनकांगासला. तेव्हा नवरा-बायकोपैकी एक लिन्नानमाला आणि एक हॉस्पिटलला जाणार असेल, तर तुइराकडे घर बघा. पूल दोघांनाही जवळ पडतो. विद्यार्थ्यांना कायोनहार्यू सोयीचं. जुनी लाकडी घरं आवडत असतील तर राक्सिलात एक फेरी मारा, पण तिथलं भाडं आधी विचारा.

आता समुद्राबद्दल. हिमयुगात या भूभागावर किलोमीटरभराहून जाड बर्फाचा थर होता. त्याच्या ओझ्याने दबलेली जमीन बर्फ वितळल्यापासून वर येते आहे, आणि अजूनही दर वर्षी सात-आठ मिलिमीटर वर येते. म्हणजे शंभर वर्षांत कमरेला लागेल एवढी. मुंबईत भराव टाकून समुद्र हटवावा लागला, इथे तो आपणहून मागे सरतो. किनारा इतका उथळ की नल्लिकारीच्या पुळणीवर उन्हाळ्यात मुलं बरीच आत चालत गेली तरी पाणी पोटापर्यंत येत नाही. पूर्वीची बंदरं गाळाने आणि उथळ पाण्याने निकामी झाली आणि धक्के बाहेर बाहेर सरकत गेले. बाजार चौकातल्या लाल लाकडी कोठारांसमोर उभे राहिलात तर हे नीट दिसतं. त्यांच्यात आता दुकानं आणि खाण्याच्या जागा आहेत, पण पूर्वी जहाजांचा माल तिथे साठवला जायचा.

शहर वसलं 1605 मध्ये, आपल्याकडे अकबर गेला त्याच वर्षी. तेव्हा हा मुलूख स्वीडनचा होता आणि स्वीडिश राजा नववा कार्ल याने नदीमुखाच्या बेटावरील किल्ल्याशेजारी हे गाव स्थापन केलं. किल्ला 1793 मध्ये गेला: वीज तोफांच्या दारूच्या कोठारावर पडली आणि सगळा उडाला. आज त्या बेटावर तळघराचे अवशेष आहेत आणि त्यांच्यावर 1875 चा लाकडी मनोरा.

पण औलूचं खरं वैभव डांबराचं. पाइनच्या झाडाचं, लाकडी जहाजांना आणि दोरखंडांना लावायचं डांबर. पूर्वेकडच्या काइनूच्या जंगलात शेतकरी मातीने झाकलेल्या खड्ड्यांत पाइनची लाकडं दिवसच्या दिवस धुमसत ठेवत आणि खालून डांबर गोळा करत. मग पिंपं लांब, अरुंद होड्यांत भरून औलूयोकीच्या खळाळांतून खाली आणत. जिथे पाणी सर्वांत अवघड तिथे वाट दाखवायला परवानाधारक नावाडी बसे. एक वल्हं चुकलं की वर्षभराची कमाई पाण्यात. एकोणिसाव्या शतकात औलू जगातल्या सर्वांत मोठ्या डांबर निर्यातदार बंदरांपैकी एक होतं. क्रिमियन युद्धात, 1854 मध्ये, ब्रिटिश आरमाराने इथे येऊन डांबराचे साठे आणि जहाजं जाळली. 1809 पासून फिनलंड रशियाकडे होता आणि ब्रिटन रशियाशी लढत होता, म्हणून.

आग या शहराच्या पाचवीला पुजलेली. 1822 च्या मोठ्या आगीत लाकडी गावाचा मोठा भाग जळाला. त्यानंतर कार्ल लुडविग एंगेल या वास्तुविशारदाच्या आराखड्यावर शहर पुन्हा उभं राहिलं. हेलसिंकीचा सिनेट चौकही त्याचाच. केंद्रातले सरळ, रुंद, काटकोनात छेदणारे रस्ते त्याची देणगी. त्यामुळे इथे वाट चुकणं कठीण.

डांबराच्या होड्या ज्या खळाळांतून उतरत, ते आता दिसत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात फिनलंडने प्रदेश गमावला, त्यासोबत वीजकेंद्रंही गेली आणि उत्तरेच्या नद्यांवर धरणं बांधावी लागली. शहरातलं मेरिकोस्कीचं केंद्र त्याच काळातलं. सामन माशांची वाट बंद झाली. 2003 मध्ये माशांसाठी पायऱ्यांचा मार्ग बांधला, तो पुलाजवळ बघता येतो, मुलांना जरूर न्या.

या धरणाचा तुमच्याशी थेट संबंध आहे. नदी गोठलेली दिसली तरी वीजकेंद्राच्या आसपास प्रवाह वाहता असतो आणि बर्फ पातळ असतो. त्यावर पाय ठेवू नका. इतरत्रही स्थानिक माणसं चालत आहेत का ते बघा, आणि नसतील तर तुम्हीही जाऊ नका.

हिवाळ्याचं म्हणाल तर औलू आर्क्टिक वृत्ताच्या आत नाही. ते रोवानिएमीजवळून जातं, इथून रस्त्याने दोनशे किलोमीटरहून दूर. तरी 65 अक्षांशावर डिसेंबरात सूर्य साडेतीन तासच वर असतो, आणि जूनमध्ये जवळपास बावीस तास. डिसेंबरात ऑफिसातून निघाल्यावर उजेड मिळत नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडा, ढगाळ असलं तरी. अंगावर परावर्तक लावणं कायद्याने अपेक्षित आहे, मुलांच्या दप्तरालाही लावा.

सायकल घ्याच. 900 किलोमीटरहून जास्त सायकलमार्ग आहेत, रस्त्यांखालून भुयारी वाटा आहेत आणि बर्फ पडला की त्यांची सफाई लवकर होते. उणे वीसमध्येही शाळेच्या दारात सायकलींची रांग असते. खिळ्यांचे टायर ऑक्टोबरात लावून घ्या, पहिल्या निसरड्या सकाळी सगळी दुकानं भरून वाहतात.

आणि थंडी पक्की झाली, समुद्र पुरेसा गोठला, की हाइलुओतो बेटाकडे जाणारा बर्फाचा रस्ता खुला होतो का यावर लक्ष ठेवा. पक्क्या रस्त्याचं आणि पुलांचं काम हाती घेतलेलं आहे, त्यामुळे ही संधी फार वर्षं टिकणार नाही. गाड्यांमध्ये अंतर राखा, ओव्हरटेक करू नका, पाटीवरच्या वजनाच्या मर्यादेपेक्षा जड गाडी नेऊ नका, आणि रस्ता बंद असल्याची सूचना असेल तर सरळ माघारी फिरा.