उन्हाळ्यातली उबवणूक : अडकलेलं पिल्लू कधी सोडवावं, कधी नाही

एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यातली हवा इतकी कोरडी असते की छोट्या इन्क्युबेटरमधलं (अंडी उबवायच्या यंत्रातलं) पाण्याचं भांडं भराभर आटतं. मग एकविसाव्या दिवशी कोंबडीचं पिल्लू कवचाला भोक पाडतं आणि तिथंच अडकतं, कारण आतला पापुद्रा वाळून पिसांना चिकटलेला असतो.

आधी घाई आवरा. पहिलं भोक पडल्यावर पिल्लू १२ ते २४ तास जवळजवळ काहीच करत नाही. बाहेरून ते थकल्यासारखं वाटतं, पण त्या वेळात पापुद्र्याच्या शिरांतलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. तेव्हा कवच सोललं तर रक्तस्राव होतो, बेंबी उघडी राहते आणि पिल्लू दगावतं. झाकण पुन्हापुन्हा उघडून पाहणंही तितकंच घातक. आतला दमटपणा निघून जातो आणि ज्यांनी नुकतीच चोच मारलीय त्या बाकीच्या पिल्लांचेही पापुद्रे सुकतात. एकाला वाचवताना चार अडकतात ती अशी.

हात घालायचा तो २४ तास उलटूनही भोक वाढलं नसेल, पापुद्रा पिवळट-तपकिरी, चामड्यासारखा झाला असेल आणि आत चिवचिव चालू असेल तेव्हाच. हात धुवा, बोथट चिमटा आणि कोमट पाण्यात (३७-३८ अंश) पिळलेलं फडकं घ्या. अंडं उजेडापुढे धरून हवेची पोकळी कुठवर आहे ते पाहा. त्या रेषेच्या वरचंच कवच बारीक तुकड्यांनी काढा. पापुद्रा कापसाने ओला करा, पण नाकपुड्यांवर पाणी जाऊ देऊ नका. ओला झाल्यावर लाल शिरा दिसल्या, किंवा पिल्लू चघळल्यासारखी चोच हलवत असेल, तर बलक अजून आत जायचा आहे. थांबा, फडकं गुंडाळून अंडं परत ठेवा आणि चार-सहा तासांनी पुन्हा पाहा. शिरा नसतील तर पापुद्रा चोचीपासून मागे सारा आणि डोकं मोकळं करा. खालचं अर्धं कवच मात्र तसंच ठेवा, त्यातून पिल्लाला स्वतः लाथ मारून निघू द्या. बेंबीला चिकटलेला धागा ओढू नका, तो आपोआप वाळून गळतो.

निमुळत्या टोकाला भोक असेल तर पिल्लू उलटं बसलंय. तिथं हवेची पोकळी नसते, रक्त लवकर येतं. नाकपुड्या मोकळ्या राहतील एवढंच भोक मोठं करा.

खरा दोष बहुतेक वेळा आधीच्या अठरा दिवसांत असतो. पंख्याच्या इन्क्युबेटरमध्ये ३७.५ अंश तापमान आणि ५० ते ५५ टक्के आर्द्रता ठेवा. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद करून आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्या. ओल्या वातीचा थर्मामीटर असेल तर तो आधी २९ आणि शेवटी साधारण ३२ अंश दाखवेल. आर्द्रता पाण्याच्या खोलीने वाढत नाही, पृष्ठभागाने वाढते. म्हणून खोल वाटीऐवजी पसरट ताटली किंवा स्पंजचा तुकडा ठेवा. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन ११ ते १३ टक्के घटायला हवं, म्हणजे ४५ ग्रॅमच्या गावरान अंड्यात पाच-सहा ग्रॅम. त्याहून जास्त घटलं तर पाणी वाढवा. कोकणात, आणि पावसाळ्यात सगळीकडेच, उलट अडचण येते : वजन पुरेसं घटत नाही, पोकळी लहान राहते, पिल्लं चिकट आणि सुजलेली निघतात. तिथं पहिले अठरा दिवस पाणी कमीच बरं.

वीज गेली तर इन्क्युबेटरवर गोधडी टाका, पण हवेची छिद्रं बुजवू नका. शेवटच्या दिवसांत पिल्लं स्वतः उष्णता सोडतात आणि त्यांना हवाही जास्त लागते.

सोडवलेलं पिल्लू तूस सुकेपर्यंत आतच राहू द्या. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस सहज काढतं. जाळीवर खरबरीत कापड अंथरा, गुळगुळीत तळावर पाय फाकतात. फाकलेच तर पट्टीचा मऊ तुकडा दोन्ही पायांना सैलसर, उभं राहता येईल एवढ्या अंतराने बांधा आणि तीन-चार दिवस ठेवा.