एका टीमचे दोन ड्रायव्हर: वही कशी ठेवायची

मी नागपूरच्या इतवारीत किराण्याच्या ठोक दुकानात हिशेब लिहितो, म्हणून फॉर्म्युला वनच्या कारशर्यतीही वही घेऊनच पाहतो. उन्हाळ्यात युरोपातली शर्यत बहुतेकदा आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला लागते. दोन्ही भाचे तेव्हा घरी. दोघांची आवडती टीम एकच, पण त्या टीममधले आवडते ड्रायव्हर वेगळे. टीव्हीपेक्षा यांचाच आवाज जास्त.

पानाच्या मधोमध रेघ मारा. एका बाजूला टीमचा एक ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला दुसरा. गाडी सारखीच, त्यामुळे 'माझी गाडीच मंद' हे रडगाणं इथं चालत नाही.

शनिवारी क्वालिफायिंगमधला, म्हणजे शर्यतीत कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवणाऱ्या तीन टप्प्यांच्या फेरीतला, दोघांच्या सगळ्यात वेगवान लॅपच्या वेळेतला फरक लिहा. घोळ इथंच होतो. एक जण दुसऱ्या टप्प्यात बाहेर पडला आणि दुसरा तिसऱ्यात गेला, तर दोघांच्या दुसऱ्या टप्प्यातल्याच वेळा धरा. ट्रॅकवर टायरचं रबर बसत जातं तशा वेळा सहसा कमी होत जातात. पाऊस आला, गाडी बिघडली, तर त्या शनिवारी सरळ फुली. आठ-दहा शनिवार झाले की फरक लहान-मोठे ओळीनं मांडा आणि मधला आकडा घ्या. सरासरी नको, एक फसलेला लॅप सगळा हिशेब नासवतो.

रविवारी टायर बदलायला आधी कोणाला बोलावलं ते टिपा. नव्या टायरवर वेग मिळतो, मागचाही पुढे निघू शकतो. म्हणून पहिला मान सहसा पुढच्याला. मागच्याला आधी बोलावलं की धाकटा ओरडतोच, "काऊन मामा, हे काऊन?" तिथं प्रश्नचिन्ह टाका.

गुण सगळ्यात शेवटी, आणि शेजारी 'नशीब' असा रकाना हवाच. 2016 मध्ये मर्सिडीज टीमच्या हॅमिल्टननं 10 शर्यती जिंकल्या, त्याच टीमच्या रोझबर्गनं 9. पण वर्षाचा विजेता रोझबर्ग, 385 विरुद्ध 380 गुणांनी. मलेशियात पुढे असताना हॅमिल्टनचं इंजिन जळालं, ते या रकान्यात. नियमही लिहून ठेवा. 1988 मध्ये मॅकलारेन टीमच्या अ‍ॅलन प्रोस्टचे एकूण गुण 105, त्याच टीमच्या आयर्टन सेनाचे 94. पण सर्वोत्तम 11 निकालच धरायचे होते, म्हणून 90 विरुद्ध 87 नं आयर्टन सेना जिंकला. आणि 2007 मध्ये मॅकलारेनचेच अलोन्सो-हॅमिल्टन दोघंही 109 वर अडकले, फेरारी टीमचा रायकोनेन 110 करून अजिंक्यपद घेऊन गेला. थोरल्या भाच्याला हे अजून पटत नाही.

पेन्सिल वापरू नका. मागच्या सीझनला धाकट्यानं दोन फुल्या खोडरबरानं पुसल्या होत्या.