अमेरिकेत डिव्होर्सनंतर मुलाचं नाव टॅक्समध्ये कोणी टाकायचं, आणि दोघांनीही टाकलं तर काय

टॅक्स सीझन आला की न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत आपल्या लोकांत हा प्रश्न हमखास निघतो, की डिव्होर्स झालाय, मूल एकच, समोरच्याने आधीच फाईल करून मुलाचं नाव डिपेंडंट (आपल्यावर अवलंबून) म्हणून टाकलं आणि आता माझं रिटर्न रिजेक्ट होतंय, काय करू. वकिलाला फोन नंतर करा, आधी कॅलेंडर काढा.

कारण आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं आयकर खातं, रात्री मोजते. वर्षभरात मूल ज्याच्याकडे जास्त रात्री झोपलं तो कस्टोडियल पालक, नाव टाकायचा हक्क त्याचा, विषय संपला. शाळेचा खर्च कोण करतं, इन्शुरन्स कोणाचा, डिक्रीत (डिव्होर्सच्या कोर्ट-आदेशात) 'एक वर्ष आई, एक वर्ष बाबा' लिहिलंय, हे सगळं तिथे गौण. रात्री अगदी समान भरल्या, समजा लीप वर्षात १८३-१८३, तर ज्याचा एजीआय (रिटर्नवरचं समायोजित उत्पन्न) जास्त त्याचा हक्क. ३१ डिसेंबरची रात्र जुन्या वर्षात धरतात.

आता आपल्याकडचा खास घोळ. सुट्टीत पोराला पुण्याला आजी-आजोबांकडे पाठवलं आणि आई-बाबा दोघंही इकडेच, मग त्या रात्री कोणाच्या? तर कस्टडीच्या वेळापत्रकानुसार त्या रात्री मूल ज्याच्याकडे असायला हवं होतं त्याच्या खात्यात जातात. ते ठरवताच येत नसेल तर कोणाच्याच नाहीत. आणि तुम्ही स्वतः मुलाला घेऊन गेला असाल तर त्या रात्री तुमच्या. म्हणून तिकिटं, बोर्डिंग पास जपून ठेवा, आणि अदलाबदलीचं जे काही ठरतं ते फोनवर न बोलता मेसेजवर ठरवा.

रात्री कमी असूनही मुलामुळे मिळणारं क्रेडिट (टॅक्समधली सूट) हवंय तर रस्ता एकच, फॉर्म ८३३२, म्हणजे हक्क दुसऱ्याला सोडल्याचा कागद. कस्टोडियल पालकाने सही करायची, दुसऱ्याने तो रिटर्नला जोडायचा. २००८ नंतर लागू झालेली डिक्री या फॉर्मऐवजी चालत नाही, न्यायाधीशाची सही असली तरी. यातून दुसऱ्याला चाइल्ड टॅक्स क्रेडिट मिळतं (२०२५ साठी जास्तीत जास्त २,२०० डॉलर, पण मुलाला एसएसएन म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर हवा, तो नसलेल्यांना मिळणाऱ्या आयटीआयएन या टॅक्स नंबरवर असेल तर ५०० च). हेड ऑफ हाउसहोल्ड (एकट्याने घर चालवणाऱ्याचा सवलतीचा दर्जा), डेकेअरचं क्रेडिट आणि ईआयटीसी (कमी कमाईवाल्यांचं क्रेडिट) मात्र फॉर्मने देता येत नाही, ते बसत असेल तर कस्टोडियलकडेच राहतं. सही करणाऱ्यांनो, फक्त चालू वर्षापुरती करा हो! पुढच्या सगळ्या वर्षांची करून ठेवली तर ती मागे घेता येते, पण समोरच्याला कळवलं त्याच्या पुढच्या वर्षापासून.

रिटर्न रिजेक्ट झालं असेल आणि हक्क तुमचाच असेल तर नाव काढून टाकू नका. आयआरएसच्या साइटवरून आयपी पिन (ओळख पटवणारा नंबर) घ्या, २०२५ च्या सीझनपासून तो टाकला की नाव आधी कोणी टाकलेलं असलं तरी ई-फाईल स्वीकारतात. नाहीतर सरळ कागदावर भरून पोस्टाने पाठवा. पुढे दोघांनाही सीपी ८७ए नावाचं पत्र येऊ शकतं. त्यात दुसऱ्याचं नाव नसतं, एवढंच असतं की या मुलाला आणखी कोणीतरी दाखवलंय. तुम्ही बरोबर असाल तर गप्प बसा, चुकला असाल तर १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्तीचं रिटर्न, भरून मोकळे व्हा. दोघंही अडून बसले तर पोस्टाने ऑडिट, आणि तिथे कागदच बोलतात: मुलाचा पत्ता आणि तारखा असलेलं शाळेचं लेटरहेडवरचं पत्र, पेडियाट्रिशियनचे रेकॉर्ड, डेकेअरचं पत्र. आजीने लिहून दिलेल्यावर विसंबू नका.

हरणाऱ्याला क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं, वर २० टक्के दंड लागू शकतो, आणि नियम धाब्यावर बसवून क्लेम केला असं ठरलं तर २ वर्षं चाइल्ड टॅक्स क्रेडिट बंद, फ्रॉड असेल तर १० वर्षं.

डिक्रीत तुमचं वर्ष आहे पण समोरचा ८३३२ वर सहीच करत नाही? ते भांडण फॅमिली कोर्टाचं, आयआरएस त्यात पडत नाही. तोवर मुलाचं नाव न टाकता वेळेत फाईल करा. पुढे सही मिळाली की साधारण ३ वर्षांच्या आत १०४०-एक्स भरून पैसे मागता येतात, फक्त त्या वर्षी समोरच्याने नाव टाकलेलं असेल तर त्यालाही स्वतःचं रिटर्न दुरुस्त करावं लागेल, तेव्हा कोर्टाकडून ऑर्डर घेताना तेही त्यात लिहून घ्या.