ब्रेस लागलेल्या लेकरांच्या हाडांची काळजी कशी घ्यावी

माझी लेक तेरा वर्षांची. कण्याला बाक आहे, म्हणून दिवसाचे अठरा तास ब्रेस, म्हणजे पाठ-पोटाभोवती बांधायचा कडक पट्टा, घालते. कॅल्शियमने बाक सरळ होत नाही, हे आधी सांगते. ते कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बाक वाढू न देण्याचं काम ब्रेसचं. पण अशा मुलींची हाडं पुष्कळदा वयाच्या मानाने विरळ असतात, आणि हाडांत भर पडायची वर्षंही नेमकी हीच. म्हणून खाण्याकडे वेगळं लक्ष द्या.

तेरा ते पंधरा वयाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. अर्धा लिटर दुधातून, दही-ताक धरून, साधारण ६०० मिळतं. पन्नास ग्रॅम नाचणीच्या पिठाची भाकरी केली की १८० च्या आसपास. उरलेल्यासाठी तिळाची चटणी. तीळ न पॉलिश केलेले घ्या, सालीतच जास्त कॅल्शियम असतं. तिळातलं सगळंच अंगी लागत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा शेवग्याचा पाला भाजीत किंवा थालीपिठात घालते. पालकावर विसंबू नका, त्यातलं कॅल्शियम शरीराला फारसं मिळत नाही.

ब्रेस पोटावर दाबतो, त्यामुळे ताटभर जेवण जात नाही आणि मुलं अर्धवट उठतात. त्यावर रागावू नका. थोडं थोडं, पाच-सहा वेळा द्या. आमच्याकडे संध्याकाळी नाचणीची आंबील असते, ताक घालून, जिरं-लसूण ठेचून. ती ब्रेस असतानाही सहज पोटात जाते.

ऊन मात्र कोवळं नको. त्यात ड जीवनसत्त्व फारसं तयार होत नाही. अकरा ते दोनच्या दरम्यान हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसवा, कातडी लाल व्हायच्या आत सावलीत आणा. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी शेजारणीच्या सांगण्यावरून देऊ नका. आधी रक्त तपासा, मग डॉक्टर ठरवतील.

ब्रेस काढलेला असतो ते तास मोबाइलवर घालवू देऊ नका. हाडांना भार लागतो: दोरीच्या उड्या, जिने, पळापळी. पोहणं चांगलंच, पण पाण्यात हाडांवर तसा भार येत नाही. कुठला व्यायाम चालेल ते तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. त्यांनी डेक्सा तपासणी (हाडं किती भरीव आहेत ते मोजणारी) सांगितली, तर रिपोर्टमध्ये झेड-स्कोअर बघा, तो त्याच वयाच्या मुलांशी तुलना करतो. टी-स्कोअर तरुण मोठ्या माणसांच्या हाडांशी तुलना करतो, तो मोठ्यांसाठी असतो, त्यावरून मुलांचं काही ठरवत नाहीत.